पानगळीचं निओफोक: पार्श्वभूमी

इंदुरातल्या मराठी घरांमधली काही मुलंमुली सध्या रात्री खोलीचं दार लावून गिटार आणि फोनवर गाणी रेकॉर्ड करताहेत. खरखर मुद्दाम ठेवलेली, आवाज पुटपुटल्यासारखा, शब्दांत ऑक्टोबर, धुकं आणि ओली पानं. या सुराला निओफोक म्हणतात, म्हणजे लोकगीताच्या धाटणीचं, पण नव्याने रचलेलं उदास संगीत. त्यामागे वादाचा एक इतिहास आहे आणि तो गाणाऱ्यांना ठाऊक असायला हवा.

लोकगीतं टिपून घेण्याची इंग्लंडमधली जुनी मोहीम आणि १९६०च्या दशकातलं फोकचं पुनरुज्जीवन इथे बाजूला ठेवू. निओफोकचा थेट पूर्वज इंडस्ट्रियल संगीत आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये टेपचे तुकडे, यंत्रांचे आवाज आणि गोंगाट यांतून ते उभं राहिलं. १९८०च्या दशकात त्याच वर्तुळातल्या काहींनी यंत्रं मागे सारून अकूस्टिक गिटार उचलली. दोन-तीन कॉर्ड, संथ ढोल, अर्धं गाणं अर्धं बोलणं. गाणी कुणाच्या आजीच्या तोंडून आलेली नव्हती. भूतकाळ होता, पण मनाने रचलेला: युद्धात उद्ध्वस्त झालेला युरोप, ख्रिस्तपूर्व देव, उत्तर युरोपातली प्राचीन रून लिपी.

वाद इथेच सुरू होतो. या प्रकाराला आकार देणारा एक बँड १९८१ साली स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांपैकी दोघांनी त्याआधी डाव्या विचारांच्या पंक बँडमध्ये वंशवादविरोधी कार्यक्रम केले होते. तरीही नव्या बँडने लष्करी गणवेश घातला, एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या टोपीवरची कवटी चिन्ह म्हणून घेतली आणि नाव असं घेतलं, जे जून १९३४मधल्या नाझी हत्याकांडाशी जोडलं जातं. स्पष्टीकरण द्यायचं नाही, अर्थ ऐकणाऱ्याने लावावा, हा त्यांचा पवित्रा. बाजू घेणारे म्हणतात, ती फक्त कलेची संदिग्धता. मला हे पटत नाही. संस्थापकांपैकी एक जण काही काळ ब्रिटनमधल्या अतिउजव्या पक्षाचा सदस्य होता. बँडमधून तो १९८४ साली बाहेर पडला आणि ते सदस्यत्व ही आपली घोडचूक होती, असं त्याने २००७मध्ये जाहीरपणे सांगितलं. चिन्हांना काहीच अर्थ नसता तर हे सांगण्याची वेळ आली नसती. २००५मध्ये जर्मनीतल्या सरकारी यंत्रणेने या बँडचा एक अल्बम अल्पवयीनांसाठी घातक ठरवून यादीत टाकला. कार्यक्रमांना विरोध झाला, काही रद्दही झाले. याच प्रकारात उघडपणे फॅसिझमविरोधी असलेले संगीतकारही आहेत आणि दर मुलाखतीत त्यांना हा खुलासा द्यावा लागतो. गप्प राहण्याचा निर्णय एका बँडचा, किंमत सगळ्यांनी मोजली.

इंदुरात पोचलेली पानगळ मात्र त्या गणवेशवाल्यांची नाही. ती आली ब्लॅक मेटलच्या, म्हणजे मेटल संगीताच्या एका काळोख्या, कर्कश प्रकाराच्या वाटेने. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या बँडनी गुळगुळीत स्टुडिओ नाकारून खरबरीत ध्वनी मुद्दाम निवडला. त्यांच्यातल्याच एका बँडने १९९६मध्ये विद्युत गिटार पूर्ण वगळून नायलॉन तारांची गिटार, चेलो आणि समूहस्वर एवढ्यावर अख्खा अल्बम केला. पुढे फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या बँडनी ही वाट रुंद केली. युद्धाच्या जागी जंगल, पाऊस आणि शोक आला.

लो-फायचं, म्हणजे या खरखरीत घरगुती ध्वनीचं, श्रेय मोठ्या प्रमाणात एका यंत्राला जातं. १९७९मध्ये चार ट्रॅकचा, म्हणजे चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांचा, कॅसेट रेकॉर्डर बाजारात आला आणि घरात एकट्याने थरावर थर चढवणं परवडू लागलं. चार ट्रॅक पुरत नसत. मग तीन भरून त्यांचं मिश्रण चौथ्यावर उतरवायचं आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. दर वेळी टेपची सुरसुर वाढे, वरचे स्वर बोथट होत. गरजेपोटी आलेली ही मळकट झाक आता फोनच्या अ‍ॅपमध्ये मुद्दाम चढवली जाते. २००८नंतर घरचं रेकॉर्डिंग थेट ऑनलाइन विकता येऊ लागलं आणि रेकॉर्ड कंपनीची गरज उरली नाही.

माळव्यात ऑक्टोबरला सोयाबीन निघतं, कोजागिरी येते. साग आणि पळस बोडके होतात ते फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात. इंदूरच्या गाण्यांतला ऑक्टोबर उसना आहे, स्वर मात्र ओळखीचे. या संगीतातली मायनर स्वरश्रेणी म्हणजे आपला आसावरी थाट आणि डोरियन ही दुसरी स्वरश्रेणी म्हणजे काफी. इथून जेमतेम ३५-४० किलोमीटरवर, देवासला, क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या एका गवयाच्या कानावर माळवी लोकगीतं पडत राहिली. बरा झाल्यावर त्याने त्या धुना गोळा केल्या, त्यांतून नवे राग बांधले आणि वर्षा, हेमंत, वसंत अशा ऋतूंवर कार्यक्रम केले. ते ऋतू इथलेच होते, आणि खोलीत बसून रेकॉर्ड करणाऱ्या या मुलांनी लंडनच्या आधी ते ऐकावेत, असं मला मनापासून वाटतं.