स्कॉटलंडच्या विवाह व जनगणना नोंदींतून पूर्वजशोध

स्कॉटलंडात बाहेरून येऊन राहिलेल्या कुटुंबांचे मूळ गाव आणि मूळ घराणे तिथल्या सरकारी व चर्चच्या दप्तरांतून शोधून काढण्याची पद्धत. एकोणिसाव्या शतकात आलेल्यांमध्ये आयरिश लोक सर्वांत जास्त होते. शतक संपता संपता लिथुआनियन, इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यूही आले. अनेकांसाठी स्कॉटलंड हा मधला मुक्काम होता. पुढची पिढी कॅनडा, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात गेली, त्यामुळे आज शोध घेणारे बरेच जण तिथून घेतात.

या शोधात जनगणनेपेक्षा लग्नाची नोंद जास्त कामाची ठरते. याचे कारण १ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडात सक्तीच्या झालेल्या नागरी नोंदणीत आहे. इंग्लंडमध्ये ही नोंदणी १८३७ सालीच सुरू झाली होती. पण तिथल्या विवाह नोंदीत वधूवरांच्या फक्त वडिलांचे नाव असे. आयर्लंडातही तेच. स्कॉटलंडने उशिरा सुरुवात केली, पण पहिल्या दिवसापासून दोघांच्या आईचेही नाव घेतले आणि तेही माहेरच्या आडनावासह. आईच्या नावापुढे ‘एम. एस.’ (मेडन सरनेम) ही दोन अक्षरे आणि त्यापुढे माहेरचे आडनाव, असा तो रकाना असतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे नाव आडनावासकट बदलून टाकण्याची चाल होती, त्यामुळे चार पिढ्यांमागे कोणाचे माहेर कोणते हे घरातही कुणाला सांगता येत नाही. स्कॉटिश कारकुनाच्या लेखी मात्र बाईचे माहेर मरेपर्यंत सुटत नाही. मृत्यूच्या नोंदीत आणि कित्येकदा थडग्याच्या दगडावरही तिची दोन्ही आडनावे सापडतात.

विवाह नोंदीत याशिवाय वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता, पहिले लग्न की बिजवर वा विधवा, विधी कोणत्या पंथाच्या रीतीने झाला, धर्मगुरू आणि साक्षीदार ही माहिती मिळते. आईवडिलांपैकी कोणी वारले असेल तर तसा शेरा असतो. त्यावरून मृत्यूची नोंद लग्नाच्या आधीच्या वर्षांत शोधायची हे कळते, अर्थात शेरा खरा असेल तर. वहीतल्या सह्या मूळ नसतात. निबंधकाने विवाहपत्रावरून उतरवलेल्या असतात. निरक्षर असल्यास नावाशी फुलीची खूण दाखवलेली असते. १८५५ हे एकच वर्ष फार उदार होते. त्या वर्षीच्या विवाह नोंदीत वधूवरांचे जन्मस्थान आणि आधीच्या लग्नाची मुलेसुद्धा विचारली गेली. इतके रकाने भरणे जिकिरीचे ठरले आणि १८५६ पासून त्यांतले बरेचसे गळाले. आपल्या पूर्वजाचे, निदान त्याच्या एखाद्या भावंडाचे लग्न त्या बारा महिन्यांत लागले असेल तर ते नशीबच म्हणायचे.

जनगणना दर दहा वर्षांनी होत असे आणि नावनिशीवार पाने १८४१ पासून मिळतात. १८४१ ची पाने त्रोटक आहेत. पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवले आहे, घरातल्यांचे एकमेकांशी नाते दिलेले नाही आणि जन्मस्थान म्हणजे याच परगण्यातला की नाही, नसेल तर इंग्लंड, आयर्लंड की परदेश, एवढेच. १८५१ पासून नाते, वैवाहिक स्थिती, वय आणि जन्माचे पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला विभाग, येते. १८६१ ला खिडकी असलेल्या खोल्या मोजल्या गेल्या, १८८१ पासून गेलिक भाषा बोलणारे नोंदले गेले आणि १९११ ला विवाहित बाईला लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले झाली आणि किती जगली हे विचारले. घरोघरी भरलेले मूळ कागद पुढे नष्ट करण्यात आले. आज दिसतात ती गणनेदाराने त्यांवरून उतरवलेली पुस्तके. त्यामुळे नावाचे स्पेलिंग बहुधा गणनेदाराच्या कानाने ठरलेले असते. पानावर नावांच्या आधी दोन तिरक्या रेघा दिसल्या की इमारत बदलली आणि एक रेघ दिसली की त्याच इमारतीतले बिऱ्हाड बदलले. चाळीसारख्या ग्लासगोच्या टेनेमेंट इमारतींत या रेघांकडे लक्ष दिले नाही, तर शेजारची पोरे आपल्या पणजोबांच्या नावावर चढतात.

१८५१ साली स्कॉटलंडात आयर्लंडात जन्मलेले सुमारे २ लाख ७ हजार लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे सात टक्के. बटाट्याच्या दुष्काळाने आलेल्यांचा लोंढा नुकताच येऊन गेला होता. ग्लासगो, कोटब्रिजचे लोखंडाचे कारखाने, लॅनार्कशायरच्या कोळशाच्या खाणी आणि बंगालच्या तागावर चालणाऱ्या डंडीच्या गिरण्या ही त्यांची ठिकाणे. त्यांच्यापुढे जन्मस्थानाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिलेला असतो : आयर्लंड. परगणा नाही, गाव नाही. गणनेदाराला तेवढे पुरेसे होते.

पलीकडेही वाट सोपी नाही. आयर्लंडच्या १८६१ ते १८९१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच नष्ट केले, आणि त्याआधीच्यांपैकी बहुतेक जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातील स्फोट-आगीत गेले. सगळ्यांची नागरी नोंदणी तिथे १८६४ मध्ये सुरू झाली. तेव्हा उरतात कॅथलिक पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, ज्यांत बाळाच्या आईचे माहेरचे आडनाव बहुधा लिहिलेले असते. स्कॉटलंडात लागलेल्या लग्नाची नोंद इथे कामी येते. वडिलांचे नाव आणि आईचे माहेर ही जोडी हातात असली, तर एकाच नावाच्या दहा बाळांतून आपले बाळ ओळखू येते.

समजा, १८६७ मध्ये कोटब्रिजला लग्न केलेला एक लोखंड कामगार आहे. आई ‘ब्रिजेट, एम. एस. डोहर्टी’, वडील शेतमजूर, मयत. १८७१ च्या जनगणनेत तो बायकामुलांसह सापडतो आणि पुढे फक्त ‘आयर्लंड’. अशा वेळी मागे जाऊन १८६१ चे पान काढावे. तिथे तो कुणाच्या तरी घरात लॉजर, म्हणजे पैसे देऊन राहणारा बिऱ्हाडकरू, म्हणून दिसतो. घरमालकिणीचे माहेर तिच्या मुलांच्या जन्मनोंदीत पाहावे. ते डोहर्टी निघाले तर लॉजर हा बहुतेक भाचा. परक्या गावी माणूस पहिल्यांदा आपल्याच माणसाच्या दारात उतरतो, आणि गणनेदार त्याला लॉजर लिहून मोकळा होतो. लग्नाच्या साक्षीदारांचेही तसेच. ती नावे नवशिके लोक वाचतसुद्धा नाहीत, आणि पुष्कळदा ती सख्ख्या भावंडांचीच असतात.

१८५५ च्या आधीचा काळ अवघड आहे. चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या जुन्या पॅरिश वह्यांपैकी सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरोल गावची, १५५३ ची. या वह्यांत पुष्कळदा लग्नाची नव्हे, तर लग्नाच्या जाहीर पुकाऱ्याची तारीख असते, आणि आईवडिलांची नावे क्वचितच. वधूवर दोन पॅरिशचे असले तर पुकारा दोन्हीकडे होई, म्हणून एकाच लग्नाच्या दोन नोंदी सापडल्या तर गोंधळू नये. कॅथलिक आयरिश कुटुंबे मुळात या चर्चची नव्हेतच. त्यांच्या धर्मगुरूंना कायदेशीर लग्न लावण्याची मुभा १८३४ च्या कायद्याने मिळाली, तीही पुकारा स्थानिक पॅरिश चर्चमध्ये झालेला असावा या अटीवर. त्यामुळे पुकारा एका वहीत आणि लग्न कॅथलिक वहीत अशी स्थिती आढळते.

चर्चशिवाय लागलेल्या लग्नांचा प्रश्न आणखी वेगळा. साक्षीदारांसमोर एकमेकांना पतिपत्नी म्हटले की स्कॉटिश कायद्याने लग्न झाले. ही सोय १९४० पर्यंत चालू होती. इंग्लंडच्या सीमेजवळच्या ग्रेटना ग्रीन गावाचे नाव त्यातूनच गाजले. १८५६ च्या कायद्याने दोघांपैकी एकाने तरी स्कॉटलंडात एकवीस दिवस राहिलेले असणे आवश्यक केले. अशी लग्ने शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायाधीशाच्या, हुकमाने नोंदवली जात, आणि नोंदीत त्या हुकमाचा उल्लेख दिसला तर त्यात काही गैर आहे असे समजू नये.

नावांची अडचण सगळीकडे आहे. पॅट्रिक आणि पीटर ही नावे स्कॉटलंडात एकमेकांच्या जागी सर्रास येतात, तसेच डोनाल्ड आणि डॅनियल, जेनेट आणि जेसी. मॅक आणि ओ हे उपसर्ग कधी लागतात, कधी गळतात. लिथुआनियन खाणकामगारांची तर आडनावेच बदलली. उच्चारायला जड नाव टाकून स्मिथ किंवा ब्राउन लिहिले गेले. जनगणनेत त्यांचा देश ‘रशिया’ वा ‘पोलंड’ असतो, कारण लिथुआनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता.

जनगणना मुकी राहते तिथे कधी कधी गरिबांच्या मदतीचे अर्ज बोलतात. १८४५ च्या कायद्यानुसार एखाद्या पॅरिशवर पोसण्याची जबाबदारी टाकायची तर तिथे पाच वर्षे सलग वास्तव्य लागे. नाहीतर आयरिश अर्जदाराला परत धाडता येई. म्हणून अधिकारी कसून चौकशी करत आणि आयर्लंडातले नेमके जन्मगाव लिहून घेत. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतले असे अर्ज संशोधकांच्या विशेष आवडीचे आहेत. ज्याच्यावर उपासमारीची पाळी आली त्याचीच माहिती सर्वांत भरघोस, हा या दप्तरांचा विचित्र हिशोब.

स्कॉटिश जनगणनेत जन्मस्थान ‘ईस्ट इंडीज’, म्हणजे हिंदुस्थान आणि आसपासचा प्रदेश, असे लिहिलेली मुलेही भेटतात. सैनिक, व्यापारी, मिशनरी यांची ही मुले. त्यांतली मुंबई इलाख्यात जन्मलेली असतील तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या लंडनला पाठवलेल्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात.

मूळ दप्तर एडिंबरोला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहे. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाने पैसे भरून पाहता येतात. जन्माच्या नोंदी शंभर, विवाहाच्या पंचाहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनंतर तिथे खुल्या होतात. जनगणनाही शंभर वर्षे बंद असते. १९२१ ची पाने नोव्हेंबर २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंडची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली, पण स्कॉटलंडची एडिंबरोत शाबूत आहे. ती २०३२ च्या आधी पाहता येणार नाही.