होली वेल आणि बुलॉन: आयर्लंडमधलं दोन तऱ्हांचं पवित्र पाणी

आयर्लंडच्या खेड्यांत पडक्या चर्चच्या आसपास हिंडलं की पवित्र मानलेलं पाणी हमखास दिसतं. पण ते दोन तऱ्हांचं असतं. एक होली वेल, दुसरं बुलॉन. दोन्हींना एखाद्या संताचं नाव असतं, दोन्हींत कुणीतरी नाणी टाकलेली असतात आणि दोन्हींचं पाणी चामखिळीवर उतारा म्हणून लावतात. त्यात भर म्हणजे काही बुलॉनांना गावकरीच ‘वार्ट वेल’, म्हणजे चामखिळीची विहीर म्हणतात. मग पाहुण्याचा गोंधळ झाला तर नवल नाही.

फरक पाणी येतं कुठून यात आहे. होली वेल हा जिवंत झरा असतो. विहीर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतात तसे रहाट आणि पायऱ्या तिथे क्वचितच दिसतील. बहुतेक ठिकाणी जमिनीलगत पाझरणारं पाणी आणि भोवती रचलेले चार दगड, एवढंच. बुलॉन म्हणजे दगडात माणसाने केलेला गोल, गुळगुळीत खळगा. आपलं उखळ आठवा, तसाच. त्यातलं पाणी पावसाचं. गंमत म्हणजे ते कधी आटत नाही अशी श्रद्धा अनेक ठिकाणी आहे. आयर्लंडचा पाऊस बघता ती टिकवणं फारसं अवघड नसावं.

झऱ्यांची संख्या मोठी आहे, देशभरात साधारण ३,००० धरतात. पण एखाद्या झऱ्याकडे बोट दाखवून हा इतका जुना असं सांगणं कठीण. पाण्याला वय नसतं आणि भोवतालचं बांधकाम बऱ्याचदा गेल्या दोन-तीनशे वर्षांतलं निघतं. प्रत्येक झरा ख्रिस्तपूर्व देवतेचा होता, असं पर्यटकांना ठासून सांगितलं जातं. मला ते जरा जास्तच वाटतं. काहींचा होता, एवढं नक्की म्हणता येतं: सातव्या शतकात बिशप तीरेखानने आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकची हकिगत लिहिली, तिच्यात ‘स्लान’ नावाचा एक झरा येतो. तिथले लोक त्याची देव म्हणून पूजा करत. पण त्यावरून उरलेल्या सगळ्यांचा निकाल लावता येत नाही.

झऱ्यांचं खरं वैभव तिथल्या रिवाजात आहे. संताच्या दिवशी, म्हणजे ‘पॅटर्न’ला, लोक जपमाळ म्हणत उजवीकडून प्रदक्षिणा घालतात. कॉर्क परगण्यातल्या बॅलीव्हर्नीला ११ फेब्रुवारीला संत गोबनेटचा दिवस असतो. तिथे भाविक खड्याने दगडावर क्रूस ओढतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओढण्याने तिथे खोल चरे पडले आहेत. प्रोटेस्टंट सत्ताधाऱ्यांच्या १७०४ च्या कायद्याने अशा ठिकाणी जमणं हा दंगा ठरवला. १० शिलिंग दंड, तो न भरल्यास फटके. तरी लोक येत राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात कॅथलिक पाद्रीच पॅटर्नवर उठले, कारण प्रार्थना उरकली की दारू आणि मारामाऱ्या सुरू होत.

झऱ्याशेजारच्या झाडाला चिंध्या बांधतात. कापड कुजेल तसं दुखणं ओसरेल, हा त्यामागचा हिशेब. हल्ली नायलॉनच्या रिबिनी दिसतात. त्या कुजतच नाहीत, म्हणजे त्या हिशेबाने दुखणंही जायचं नाही.

बुलॉनभोवती असा मेळा सहसा भरत नाही, पण दंतकथा भरपूर. विकलो परगण्यातल्या ग्लेंडालॉखला संत केव्हिनने सहाव्या शतकात मठ स्थापला. तिथे ‘डिअर स्टोन’ नावाचा दगड आहे. आईविना उरलेल्या लेकरांसाठी एक हरिणी रोज येऊन त्याच्या खळग्यात दूध सोडून जाई, अशी कथा. कॅव्हन परगण्यात ब्लॅकलायनजवळच्या दगडाचा स्वभाव मात्र वेगळा. त्यात अनेक खळगे आहेत आणि खळग्यांत गोटे बसवलेले. ते उलटे फिरवून शत्रूला शाप देत, असं सांगतात. नाव मात्र संत ब्रिजिडचं!

खळगे केले कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. धान्य, औषधी मुळ्या किंवा खनिज कुटायला, असे अंदाज आहेत. पाणी साठवून आशीर्वाद देण्याची प्रथा कदाचित नंतरची, मूळ काम विसरल्यावर चिकटलेली. पण बहुतेक बुलॉन सुरुवातीच्या ख्रिस्ती मठांच्या आवारात किंवा जवळपास सापडतात. एकट्या ग्लेंडालॉख परिसरात तीसच्या वर आहेत. म्हणूनच जुन्या मठाचा माग काढायचा असेल तर मी आधी बुलॉन शोधेन. झरा माणसांच्या आधीही होता आणि संत त्याला केव्हाही जोडता येतो. दगडातला खळगा मात्र तिथे कुणीतरी राबल्याशिवाय पडत नाही.

जागेवर ओळखायला सोपं आहे. पाणी एका बाजूने वाहून जात असेल तर झरा. आत हात घातल्यावर सगळीकडून सलग दगड लागला तर बुलॉन. काही मठांत दोन्ही जवळजवळ असतात, तिथे पाटीवर विसंबू नका.

पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे बघायला जाणाऱ्यांना लिस्कॅनरचा संत ब्रिजिडचा झरा वाटेतच लागतो. आत जायच्या बोळात मूर्ती, जपमाळा आणि आजारी माणसांचे फोटो दाटीने लावलेले आहेत. बुलॉन बघायचे तर डब्लिनहून ग्लेंडालॉखला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. डिअर स्टोन मुख्य अवशेषांपासून ओढ्यापलीकडे आहे, पूल ओलांडून जा.