अर्धा खाल्लेला पेरू

बडोद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना वड आहे. गावाचं नावच मुळी 'वटोदर', वडाच्या पोटात वसलेलं, तेव्हा अशा झाडाचं कुणाला अप्रूप नाही. या वडावर शे-दीडशे वाघळं उलटी लटकलेली असतात. शेजारच्या हंसाबेन त्यांना 'वागोळ' म्हणतात, मी वाघूळ म्हणते. तिन्हीसांजेला ती एकामागून एक सुटतात. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगले चार फूट भरतात. रात्रभर कुठे कुठे फिरून पहाटे परततात आणि हंसाबेनच्या अंगणात अर्धे खाल्लेले पेरू टाकून ठेवतात.

केरळातून निपाह या वाघळांकडून येणाऱ्या जीवघेण्या विषाणूची बातमी आली की आमच्या गल्लीत एक अर्ज फिरतो: झाड छाटा, फटाके लावा, काहीही करा, पण ही वाघळं हलवा. यंदाही तो आला. मी सही केली नाही. का केली नाही ते नीट सांगायला हवं, कारण शेजाऱ्यांची भीती खोटी नाही. ज्या पेरूला ते घाबरतात, तसल्याच एका फळावर निपाहचा विषाणू खरोखर सापडला आहे.

१९९८ साली मलेशियात डुकरं पाळणाऱ्या लोकांना ताप येऊ लागला, पाठोपाठ मेंदूला सूज, मग बेशुद्धी. आधी सगळ्यांना तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर वाटला. डास मारले, लस टोचली, तरी माणसं मरतच राहिली. मार्च १९९९ मध्ये चुआ काव बिंग या डॉक्टरने एका रुग्णाच्या नमुन्यातून नवाच विषाणू वेगळा काढला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला निपाह हे नाव पडलं. साथ आटोपेपर्यंत २६५ जणांना लागण होऊन १०५ दगावले. दहा लाखांवर डुकरं मारावी लागली.

पण डुकरांना तो कुठून आला? चुआ आणि त्यांचे सहकारी तिओमान बेटावर गेले, वाघळांच्या झाडांखाली प्लास्टिकच्या चादरी अंथरल्या आणि वरून पडणारं मूत्र गोळा केलं. त्यात निपाह मिळाला. आणि वाघळाने कुरतडून टाकलेल्या एका जांबाच्या ('वॉटर ॲपल'च्या) फळावरही मिळाला. मग चित्र जुळत गेलं. ज्या फार्मवर साथ पेटली तिथे डुकरांच्या गोठ्यालगतच आंब्याची झाडं लावलेली होती. वाघूळ आंबा चावतं, रस चोखून चोथा खाली टाकतं. तो डुकराने खाल्ला आणि डुकराकडून आजार माणसात गेला.

बांगलादेशात मधलं डुक्करही लागलं नाही. तिथे हिवाळ्यात शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस धरतात आणि सकाळी तो ताजाच पितात. संशोधकांनी झाडांवर इन्फ्रारेड कॅमेरे लावले, तेव्हा खाचेवर बसून रसाची धार चाटणारी वाघळं दिसली. लाळ धारेत जाते आणि मूत्र मडक्यात. आम्हा बडोदेकरांना थंडीतल्या पहाटेच्या नीरेचं कौतुक आहे, म्हणून हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

एकदा माणसात शिरल्यावर हा विषाणू कसा पसरतो, ते आपल्याच देशाने पाहिलं. २००१ मध्ये सिलीगुडीत ६६ जण आजारी पडले, त्यातले ४५ गेले. बहुतेकांना लागण दवाखान्यातच झाली होती. २०१८ मध्ये केरळात कोळिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत सरकारी नोंदीप्रमाणे १७ जण गेले. त्यांत लिनी पुतुश्शेरी ही परिचारिकाही होती, पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणारी. महाराष्ट्रही या नकाशाबाहेर नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० मध्ये वटवाघळं तपासली, तेव्हा काहींच्या रक्तात निपाहची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, आढळली.

आता खरं नवल. हा विषाणू अंगात बाळगणारं वाघूळ स्वतः ठणठणीत असतं.

याचं कारण बहुधा उडण्यात दडलेलं आहे. खऱ्या अर्थाने उडणारा सस्तन प्राणी हा एकच, आणि उडणं फार महाग पडतं. छोट्या वटवाघळाचं हृदय उडताना मिनिटाला हजाराच्या घरात ठोके देतं, शरीर चाळीस अंशांवर तापतं. इतक्या धडपडीत पेशींची मोडतोड होते, डीएनएचे तुकडे नको तिथे सांडतात. आपल्या पेशींना असा सांडलेला डीएनए दिसला की त्या शत्रू आला असं समजून बोंब ठोकतात आणि सगळ्या शरीरात दाह पेटतो. वाघळाचं असं रोज रात्री झालं तर ते आठवडाभरही जगणार नाही. म्हणून उत्क्रांतीने ती बोंबच दबकी करून टाकली. 'स्टिंग' नावाचं जे प्रथिन ही हाक देतं, त्यातला एक दुवा वटवाघळांमध्ये बदललेला आहे, असं २०१८ मध्ये दिसून आलं. दुसऱ्या बाजूला, विषाणूंना रोखणारं इंटरफेरॉन ऑस्ट्रेलियातल्या काळ्या वाघळांत कायम थोडं थोडं चालू असतं. आपल्यात ते विषाणू आल्यावरच जागं होतं. गल्लीत रात्रभर गस्त घालणारा, पण शिट्टी न फुंकणारा गुरखा डोळ्यांसमोर आणा. चोर फार माजत नाही आणि गल्लीची झोपही मोडत नाही. माणसाला अशा आजारात पुष्कळदा विषाणूइतकंच त्याच्या स्वतःच्या शरीराचं भडकणं मारतं. सायबेरियात सात-आठ ग्रॅम वजनाचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं होतं. एवढ्या आयुष्यामागेही दाह आवरण्याची हीच कला असावी, असं मला वाटतं.

म्हणजे विषाणू वाघळात आधीपासूनच आहे. तो नेमका कधी बाहेर सांडतो, हा प्रश्न आमच्या गल्लीसाठी जास्त मोलाचा आहे, आणि त्याचं सर्वात चांगलं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. तिथे निपाहचाच भाऊबंद असलेला हेंड्रा विषाणू १९९४ पासून वाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना होतो. संशोधकांनी पंचवीस वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला. थंडीत फुलणारी जंगलं तोडली गेली, तशी वाघळं उपाशी पडली, छोट्या छोट्या टोळ्यांनी गावांत आणि घोड्यांच्या कुरणांत येऊन राहिली, आणि भुकेल्या काळात त्यांच्या मूत्रातून जास्त विषाणू पडू लागला. ज्या वर्षी उरलेली जंगलं थंडीत भरभरून फुलली, त्या वर्षी थवे तिकडे निघून गेले आणि घोड्यांमधली लागण थांबली.

आणि हुसकावून लावलं तर? युगांडात किटाका खाणीतल्या मजुरांना २००७ मध्ये मारबर्ग हा वटवाघळांकडूनच येणारा जीवघेणा आजार झाला. त्यानंतर खाणीतली वटवाघळं जवळपास सगळी मारून टाकली. काही वर्षांत रिकाम्या खाणीत नवी आली आणि त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. २०१२ मध्ये त्याच भागात मारबर्गची साथ आली. आजारातून उठलेली, प्रतिकारशक्ती कमावलेली म्हातारी वाघळं गेली की जागा भरायला कोवळी येतात, आणि विषाणूला हवी असतात ती हीच.

म्हणून माझी सही नाही. आमचा वड छाटला तर ही शे-दीडशे वाघळं हवेत विरणार नाहीत. ती दहा अंगणांत विखुरतील, बिथरलेली आणि भुकेली. शिवाय वडा-उंबराचं बी दूरवर नेऊन टाकणारी हीच, आणि गोरखचिंचेची रात्री उमलणारी फुलं धुंडाळणारीही हीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, याचा मला मनापासून आनंद झाला.

करण्यासारखं आहे ते साधं आहे. टोचलेलं, चावलेलं फळ तेवढा भाग कापून खायचं नाही, सगळंच टाकून द्यायचं. बाकीची फळं धुऊन, सोलून खायची. खाली पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलायचं नाही. नीरा घेताना मडक्याचं तोंड आणि वरची खाच रात्री झाकली होती का, हे विचारायचं. बांगलादेशात बांबूच्या किंवा तागाच्या काड्यांच्या चटईने खाच झाकली, तेव्हा वाघळं रसापर्यंत पोचू शकली नाहीत. उकळून केलेल्या गुळाचा प्रश्नच नाही, विषाणू उष्णतेने मरतो.

हे सगळं मी हंसाबेनना त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्या बराच वेळ वडाकडे बघत राहिल्या. काल सकाळी पाहिलं तर त्यांच्या पेरूच्या झाडावर जुन्या सुती साडीचे तुकडे बांधलेले होते, एकेका फळाला एकेक. अर्ज त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी पडला आहे, सहीची जागा अजून कोरी.