‘गुस्तार’ (स्पॅनिश ‘आवडणे’) शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा
(आमच्या स्पॅनिश वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

पहिली पातळी इतरत्र करून आमच्याकडे येणाऱ्यांच्या वह्यांत ‘यो गुस्तो एल काफे’ हे वाक्य हमखास सापडतं. ‘आय लाइक कॉफी’ मनात धरून ते लिहिलेलं असतं. पण ‘यो गुस्तो’ म्हणजे ‘मी आवडतो’. ऐकणाऱ्याला पुढची कॉफी कुठे जोडायची तेच कळत नाही. ही सवय मोडण्यात दुसऱ्या पातळीचे सुरुवातीचे तास खर्ची पडतात, म्हणून हे पत्रक.

आपण ‘मला कॉफी आवडते’ म्हणतो. स्पॅनिशची रचना हीच: ‘मे गुस्ता एल काफे’. आंबा ‘आवडतो’, आंबे ‘आवडतात’. तसंच तिथे ‘मे गुस्ता एल मांगो’, पण ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, तुमच्याप्रमाणे नाही. ‘मला गायला आणि नाचायला आवडतं’ यात गोष्टी दोन असूनही आपण ‘आवडतात’ म्हणत नाही ना? स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता कान्तार इ बाइलार’च. दुजोरा देताना आपण ‘मलाही’ म्हणतो, ‘मीही’ नाही. तिथे ‘आ मी ताम्बिएन’, ‘यो ताम्बिएन’ नाही.

मराठी पुरत नाही ती जागा ‘ले’ची (म्हणजे ‘त्याला’ किंवा ‘तिला’). ‘आनाला कॉफी आवडते’ हे ‘आ आना ले गुस्ता एल काफे’ असं होतं. ‘आ आना’ म्हटल्यावरही ‘ले’ लागतोच आणि आपली मुलं तोच गाळतात. ‘काफे’आधीचा ‘एल’ही (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) विसरतात. माणसांबद्दल मात्र जपून बोला: ‘मे गुस्तास’ला (‘मला तू आवडतोस/आवडतेस’) बहुतेकदा प्रेमाचा अर्थ येतो. सहकारी नुसता चांगला वाटतो, हे सांगायला ‘मे काए बिएन’ म्हणा.

‘फी स्पॅनिशची, मग तासाला मराठी कशाला?’ असं काही पालक विचारतात. रचना बसेपर्यंतच आम्ही मराठीचा आधार घेतो, पुढे वर्गात स्पॅनिशच चालतं. एकदा ‘गुस्तार’ पक्कं झालं की ‘मे दुएले ला काबेसा’ (डोकं दुखतंय), ‘मे दुएलेन लोस पिएस’ (पाय दुखताहेत) ही वाक्यं मुलं न सांगता बनवतात.

दुसऱ्या पातळीला नाव नोंदवण्याआधी ‘गुस्तार’ची दहा वाक्यं लिहून आणा. प्रवेश घ्या वा न घ्या, आम्ही ती समोर बसून तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.