एकाच पावसाच्या दोन मोजपट्ट्या

26 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठपासून पुढच्या 24 तासांत सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात मात्र जेमतेम 73 मिलिमीटर. हा फरक मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. तरीही समांतर अक्षांच्या आलेखात, एकही आकडा न बदलता, तो दिसेनासा करता येतो.

या आलेखात प्रत्येक घटकासाठी एक उभा अक्ष असतो, सगळे अक्ष शेजारी-शेजारी उभे असतात आणि एका दिवसाच्या सर्व नोंदी जोडणारी एक मोडत जाणारी रेघ त्या दिवसाचे प्रतिनिधित्व करते. फ्रेंच गणितज्ञ मॉरिस द'ओकान्य यांनी 1885 मध्ये समांतर निर्देशकांवर लेखन केले आणि पुढे आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी त्यांना अनेक मितींच्या अभ्यासाचे साधन बनवले.

आता समजा, कुलाब्याचा अक्ष 0 ते 80 आणि सांताक्रूझचा 0 ते 1000 असा आखला. दोन्ही नोंदी अक्षांच्या टोकाजवळ जातात, त्यांना जोडणारी रेघ जवळजवळ आडवी पडते आणि पाहणाऱ्याला वाटते की पाऊस दोन्हीकडे सारखाच कोसळला. दोन्ही अक्षांना 0 ते 1000 ही एकच मोजपट्टी दिली, की तीच रेघ तळाजवळून निघून थेट माथ्याला भिडते. संगणकाची आज्ञावली बहुधा प्रत्येक अक्ष त्याच्या स्वतःच्या किमान-कमाल नोंदीपर्यंत ताणते. एकक सारखे असताना हा निर्णय तिच्यावर सोडणे मला गंभीर चूक वाटते. तापमानात तर ही चूक विपरीत दिसते: किमान तापमानाचा अक्ष 24 ते 26 आणि कमाल तापमानाचा 29 ते 33 अंश असा ठेवला, तर 25.5 अंशांचे किमान तापमान 30 अंशांच्या कमाल तापमानापेक्षा वर चढून बसते.

सामाईक मोजपट्टीचीही किंमत मोजावी लागते. 944 ला जागा देताना 5 मिलिमीटरची सर आणि 50 मिलिमीटरचा चांगला पाऊस, दोन्ही तळाच्या विसाव्या भागात चेपले जातात. अशा वेळी दोन्ही अक्षांवर वर्गमुळाची श्रेणी घ्यावी, म्हणजे उंची आकड्याच्या नव्हे, तर त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावी; मग 5 ची नोंद सुमारे 7 टक्के उंचीवर, 50 ची 22 टक्क्यांवर येते आणि 944 माथ्याजवळच राहते. लॉगॅरिदमची श्रेणी, जिच्यात प्रत्येक दहापटीला सारखेच अंतर मिळते, येथे अडते, कारण कोरड्या दिवसाच्या शून्याला तिच्यात जागाच नसते.

आर्द्रता, वायुदाब, पाऊस यांची एककेच वेगळी असल्याने त्यांचे अक्ष वेगळे असणार, हे उघड आहे. परंतु जून आणि जुलैचे आलेख शेजारी ठेवायचे असतील, तर दोन्ही महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहून प्रत्येक अक्षाची टोके आधी ठरवावीत, दोन्ही आलेखांत तीच कायम ठेवावीत आणि प्रत्येक अक्षाच्या वर-खाली ते आकडे ठळक छापावेत; म्हणजे जूनच्या आर्द्रतेच्या नोंदी जुलैच्या नोंदींशेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी ताडून पाहता येतात.