सीनियरायटिस

सीनियरायटिस : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कूलच्या शेवटच्या, म्हणजे बारावीच्या वर्षात, विशेषतः त्याच्या दुसऱ्या सत्रात, विद्यार्थ्यांच्या अभ्यासात येणारे शैथिल्य. वर्गातील अनुपस्थिती, उशिरा येणे, गृहपाठ अर्धवट ठेवणे आणि गुणांची घसरण ही त्याची नेहमीची लक्षणे सांगितली जातात. कॅनडातही हा शब्द परिचित आहे, आणि महाविद्यालयाच्या चौथ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही तो लावला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः शाळेचा विचार केला आहे. नावात रोगवाचक प्रत्यय असला, तरी ही वैद्यकीय संज्ञा नाही आणि मनोविकारांच्या मान्य निदानसूचींत तिला स्थान नाही. शिक्षणविषयक लेखनात त्याऐवजी ‘सीनियर स्लम्प’ हा शब्दप्रयोगही आढळतो.

व्युत्पत्ती : शब्दाचे दोन्ही घटक जुने असून त्यांचा जोड मात्र अर्वाचीन आहे. ‘सीनियर’ हे ‘सेनेक्स’ (वृद्ध) या लॅटिन शब्दाचे तुलनादर्शक रूप. त्याचा मूळ अर्थ ‘वयाने अधिक’ एवढाच. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हे नाव मिळाले, त्याचा माग केंब्रिज विद्यापीठापर्यंत जातो. तेथे नव्याने आलेल्यांना ‘फ्रेशमन’ आणि वादविवादाच्या अभ्यासात पुढे गेलेल्यांना ‘ज्युनिअर सॉफिस्टर’ व ‘सीनियर सॉफिस्टर’ म्हणत. १६३६ मध्ये स्थापन झालेल्या हार्व्हर्डने केंब्रिजचाच साचा उचलला. कालांतराने ‘सॉफिस्टर’ हा शब्द गळून केवळ विशेषणे उरली, आणि पुढे चार वर्षांचे हायस्कूल स्थिरावले, तेव्हा महाविद्यालयातील चारही वर्षांची नावे जशीच्या तशी शाळेत उतरली. ‘-आयटिस’ हा ग्रीक प्रत्यय मुळात रोगवाचक नव्हता. ‘च्या संबंधीची’ अशा अर्थाचे स्त्रीलिंगी विशेषण त्याने तयार होई, आणि ‘नोसोस’ (रोग) हे ग्रीकमधील स्त्रीलिंगी नाम त्यापुढे अध्याहृत असे. त्यामुळे ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे ‘सांध्यासंबंधीचा (रोग)’. नाम लुप्त होऊन प्रत्ययातच रोगाचा अर्थ साठला, आणि त्याला शोथाचा, म्हणजे दाहयुक्त सुजेचा, नेमका अर्थ आधुनिक वैद्यकाने दिला. भलत्याच शब्दाला हा प्रत्यय लावून काल्पनिक रोग निर्माण करण्याची थट्टेखोर लकब इंग्रजीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून चांगलीच रुळलेली दिसते.

यावरून सीनियरायटिस हा शब्द विसाव्या शतकातील, बहुधा त्याच्या पूर्वार्धातील असावा, यापलीकडे काळ निश्चित करणे धाडसाचे ठरेल. विद्यार्थ्यांची बोली छापील साहित्यात उशिरा येते, आणि आली तरी शालेय नियतकालिकांसारख्या अल्पजीवी प्रकाशनांत येते. त्यामुळे कोशकारांना सापडलेला पहिला छापील दाखला म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. शब्द प्रथम महाविद्यालयात घडला की शाळेत, हाही प्रश्न उरतो. वर्गांची सर्व नावे वरून खाली आली असल्याने हाही शब्द त्याच वाटेने आला असावा, हे अनुमान अधिक संभाव्य वाटते. आज मात्र त्याला जो अर्थभार आहे, तो शाळेचाच आहे, कारण तो महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळापत्रकाशी जखडलेला आहे. मराठीत या शब्दाला रूढ प्रतिशब्द नाही. वैद्यकीय परिभाषेप्रमाणे ‘ज्येष्ठशोथ’ असे भाषांतर केल्यास वाचक तो उतारवयातील विकार समजण्याचा धोका आहे. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

स्वरूप व कारणे : हे शैथिल्य विद्यार्थ्यांच्या स्वभावापेक्षा शिक्षणाच्या रचनेतून अधिक समजते. अमेरिकेत हायस्कूल पूर्ण झाल्याचा दाखला सर्वसाधारणपणे एका अंतिम परीक्षेवर नव्हे, तर चार वर्षांत साठवलेल्या श्रेयांकांवर मिळतो. या हिशेबाचे मूळ कार्नेगी प्रतिष्ठानाने १९०६ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ‘कार्नेगी युनिट’मध्ये आहे. एका विषयाच्या वर्षभरातील सुमारे १२० तासांच्या अध्यापनाला एक युनिट मानावे, अशी ती योजना होती. श्रेयांक आधीच साठवता येत असल्याने मेहनती विद्यार्थ्याचे बरेचसे आवश्यक विषय अकरावीअखेर संपतात. अनेक राज्यांत गणिताची सक्ती चारही वर्षे नसते, आणि बारावीत गणित सोडून देण्याची मुभा हा या विषयावरील चर्चेतला नेहमीचा मुद्दा आहे.

त्याहून महत्त्वाचे कारण प्रवेशाच्या दिनदर्शिकेत आहे. ‘अर्ली डिसिजन’ पद्धतीने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे बंधन मान्य करून एकाच महाविद्यालयाकडे लवकर, अर्ज करणाऱ्यांची मुदत साधारणतः १ नोव्हेंबरच्या आसपास संपते आणि डिसेंबरच्या मध्यास त्यांना उत्तर मिळते. नियमित अर्ज जानेवारीच्या आरंभी जातात, त्यांचे निर्णय मार्चअखेरपर्यंत कळतात आणि प्रवेश नक्की करण्याची रूढ तारीख १ मे ही आहे. शाळा मात्र मेच्या अखेरीपर्यंत, काही राज्यांत जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालू असते. म्हणजे ज्याचा निर्णय डिसेंबरात झाला, त्याला सुमारे पाच महिने अशा वर्गात बसावयाचे असते, ज्यातील गुण प्रवेशासाठी पाहिले गेलेले नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मायकेल कर्स्ट यांनी २००१ मध्ये मांडलेले मत येथे महत्त्वाचे आहे : बारावीच्या अभ्यासाला पुढील शिक्षणाचा पाया म्हणून कोणीच आपला मानत नसेल, तर विद्यार्थ्यांनी त्याकडे पाठ फिरवणे हा तर्कशुद्ध प्रतिसाद ठरतो. दोष विद्यार्थ्यांच्या शिस्तीत शोधणाऱ्या स्पष्टीकरणांपेक्षा हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मानसशास्त्रातील एक जुना सिद्धांत वरवर याच्या उलट जातो. क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या उद्दिष्ट-समीपतेच्या गृहीतकानुसार, चक्रव्यूहात सोडलेला उंदीर खाद्याजवळ येतो तसतसा अधिक वेगाने धावतो; मग पदवीदानाजवळ आलेला विद्यार्थी का थांबतो? विसंगती दूर होते ती उद्दिष्ट कोणते, हे पाहिल्यावर. उद्दिष्ट पदवीदान नसून प्रवेश होता, आणि तो हाती येईपर्यंत, म्हणजे अकरावीत व बारावीच्या पूर्वार्धात, बहुतेक विद्यार्थी हल यांच्या उंदरासारखेच धावलेले असतात. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगांचाही आधार घेता येतो. कोडी सोडवल्याबद्दल पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा, पैसे बंद झाल्यावर, त्याच कोड्यांतील रस घटलेला आढळला. गुणांना प्रवेशाचे चलन बनवणाऱ्या व्यवस्थेत ते चलन रद्द झाल्यावर काय घडेल, याचा अंदाज त्यावरून येतो, जरी प्रयोगशाळेतील कोडे आणि चार वर्षांचे शालेय जीवन यांची तुलना मर्यादेतच करावी लागते. मानवशास्त्राच्या अंगाने पाहणाऱ्यांना आर्नोल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये वर्णिलेली संक्रमणविधींची मधली अवस्था येथे दिसते : जुने स्थान सुटले आहे, नवे मिळालेले नाही. सामुदायिक दांडीचा ‘सीनियर स्किप डे’, शाळेची खोडी काढण्याची प्रथा, ‘प्रॉम’चा नृत्यसमारंभ यांचे स्थान या दृष्टीने स्पष्ट होते.

प्रवेशाच्या दिनदर्शिकेवरून दिलेले स्पष्टीकरण सर्वांना लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांपैकी लगेच महाविद्यालयात जाणारे अलीकडच्या काळात साधारणतः तीन पंचमांश ते दोन तृतीयांश यांदरम्यान आहेत. उरलेल्यांची, आणि अर्ज करणाऱ्या जवळपास सर्वांनाच घेणाऱ्या सामुदायिक महाविद्यालयांत जाणाऱ्यांची, उदासीनता निराळ्या कारणांनी येते, आणि तिच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. थट्टेचा हा शब्द प्रामुख्याने ज्यांचे पुढचे ठरलेले आहे अशांनाच शोभतो.

मोजमापाचा वाद : १९९५ च्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान पाहणीत अमेरिकेतील चौथीची मुले आंतरराष्ट्रीय सरासरीच्या वर होती. माध्यमिक शाळेच्या अंतिम वर्षाचे निकाल १९९८ मध्ये जाहीर झाले, तेव्हा सर्वसाधारण गणितात सहभागी २१ देशांपैकी केवळ सायप्रस व दक्षिण आफ्रिका या दोघांच्याच पुढे अमेरिका असल्याचे दिसले. या घसरणीचा काही भाग सीनियरायटिसच्या खाती घालावा काय, यावर मतभेद झाले. वसंत ऋतूत, स्वतःला काही लाभ-हानी नसलेली परीक्षा बारावीतील मुले मनापासून देत नाहीत, असा एक पक्ष होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांचे वय व अभ्यासक्रम देशोदेशी भिन्न असल्याने तुलनाच सदोष आहे, किंवा दोष आळसाचा नसून विस्कळीत अभ्यासक्रमाचा आहे. ‘नेप’ या राष्ट्रीय मूल्यमापनातही बारावीच्या स्तरावर सहभाग व उत्साह यांचा प्रश्न पुढे आला, आणि त्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने २००४ मध्ये अहवाल दिला. ज्या वृत्तीचे मोजमाप करावयाचे तीच मोजपट्टी बिघडवते, अशी ही अडचण आहे. परिणामांविषयी थोडे अधिक ठामपणे बोलता येते : क्लिफर्ड एडेलमन यांनी शिक्षण खात्यासाठी १९९९ मध्ये केलेल्या अभ्यासात, दुसऱ्या स्तराच्या बीजगणितापलीकडचा गणिताचा अभ्यासक्रम शाळेतच पूर्ण करणाऱ्यांची पदवी मिळण्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढलेली आढळली. बारावीत गणित टाकणाऱ्याचे नुकसान यावरून लक्षात यावे.

धोरणे व उपाय : शिक्षणमंत्री रिचर्ड रायली यांच्या कारकिर्दीत २००० मध्ये, शिक्षण खाते व काही खाजगी प्रतिष्ठाने यांच्या साहाय्याने, बारावीच्या वर्षाविषयी एक राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला, केंटकीचे गव्हर्नर पॉल पॅटन त्याचे अध्यक्ष होते. जानेवारी २००१ च्या अहवालात आयोगाने या वर्षाला ‘गमावलेली संधी’ म्हटले, आणि ऑक्टोबर २००१ च्या अंतिम अहवालात शाळा व महाविद्यालयांच्या अपेक्षांची सांगड, अधिक वरची पातळी आणि पर्यायी मार्ग अशी त्रिसूत्री सुचवली. तिचा प्रभाव मर्यादित राहिला. त्यानंतर तीनच महिन्यांनी संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने वार्षिक चाचण्यांचा भर तिसरी ते आठवीवर ठेवला, आणि बारावी पुन्हा नजरेआड गेली.

स्थानिक पातळीवरचे उपाय त्याहून जुने आहेत. न्यूयॉर्क राज्यातील हार्ट्सडेल येथील एका शाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी, शेवटच्या सत्रात वर्गाऐवजी स्वतः निवडलेला प्रकल्प करण्याची योजना सुरू झाली आणि ‘वाइज’ या नावाने इतर शाळांत पसरली. मिनेसोटाने १९८५ पासून आणि वॉशिंग्टन राज्याने १९९० पासून अकरावी-बारावीतच महाविद्यालयीन अभ्यासक्रम घेण्याची सोय केली. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या अभ्यासक्रमांच्या, परीक्षा मे महिन्यात होत असल्याने त्यांचा धाकही थोडाफार उपयोगी पडतो, मात्र ज्यांना त्या द्यावयाच्या असतात त्यांच्यापुरताच. वर्षच काढून टाकावे, असेही सुचवले गेले. बार्ड कॉलेजचे अध्यक्ष लिऑन बॉटस्टाइन यांनी १९९७ मध्ये हायस्कूल सोळाव्या वर्षी संपवावे, असा विचार मांडला. यूटा राज्यात २०१० मध्ये क्रिस बटार्स या सिनेटरने बारावी रद्द करण्याचे सुचवले, पण त्यामागे काटकसरीचाही हेतू होता आणि विरोधानंतर ती ऐच्छिक ठेवण्यावर ते आले. इंडियानाने २०११ मध्ये वर्षभर आधी शाळा पूर्ण करणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली.

महाविद्यालयांच्या हाती असलेले अस्त्र म्हणजे दिलेला प्रवेश मागे घेणे. प्रवेश सशर्त असतो आणि अंतिम गुणपत्रक उन्हाळ्यात पाठवावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठ त्यासाठी १ जुलैची मुदत ठेवते आणि बारावीच्या आवश्यक विषयांत किमान ‘सी’ श्रेणीची अपेक्षा करते. हे अस्त्र क्वचितच उगारले जाते, म्हणून त्याचा धाक कमी असतो. २०१७ मध्ये याच विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेने ४९९ जणांचे प्रवेश रद्द केले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. अपेक्षेपेक्षा अधिक विद्यार्थ्यांनी प्रवेश स्वीकारले होते, ही पार्श्वभूमी त्यामागे होती. अखेर कुलपती हॉवर्ड गिलमन यांनी क्षमा मागितली आणि गुणपत्रकाच्या कागदोपत्री कारणाने वगळलेल्या सुमारे २९० जणांना परत घेण्यात आले. गुण घसरल्यामुळे वगळलेल्यांना मात्र दाद मागावी लागली.

अन्यत्र : इंग्लंडमध्ये विद्यापीठाचा प्रवेश सशर्त मिळतो आणि ‘ए लेव्हल’चे निकाल ऑगस्टमध्ये लागल्यावरच तो पक्का होतो, त्यामुळे या प्रकारच्या शैथिल्याला तेथे वाव कमी आहे. महाराष्ट्रातही बारावीची राज्य मंडळाची परीक्षा वर्षाच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि प्रवेश त्यानंतर होतात. येथील कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत रिकामे पडणारे वर्ग वरकरणी तसेच दिसतात, परंतु कारण वेगळे आहे : वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो व बारावीचे गुण प्रामुख्याने पात्रतेपुरते लागतात, आणि वर्गात नसलेला विद्यार्थी बहुधा खाजगी क्लासमध्ये बसलेला असतो.