वजनाच्या ऑपरेशनला विमा मिळेल का? तारीख घेण्याआधी हे वाचा

विम्याच्या फायली बघणाऱ्या आमच्या नाशिकच्या ऑफिसात येणारे बरेच जण रुग्णालयाचं एस्टिमेट हातात घेऊनच येतात. तारीख ठरलेली असते, रजा टाकलेली असते, गावाहून आईला बोलावलेलं असतं. "आता तेवढं विम्याचं बघून द्या," म्हणतात. पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीत, हा क्रम उलटा आहे. विम्याचं आधी बघायचं, तारीख शेवटी.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

"आमचा सरकारी विमा आहे" असं सांगणाऱ्या चार माणसांकडे चार वेगळ्या गोष्टी निघतात.

रेशनकार्डावर चालते ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांवर गेलं. पण पाच लाखांचं कार्ड म्हणजे पाच लाखांपर्यंतचं कुठलंही ऑपरेशन नव्हे. या योजनेत मंजूर होतं ते ठरलेलं पॅकेज. म्हणून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) पहिला प्रश्न हाच विचारा: डॉक्टरांनी लिहिलेल्या ऑपरेशनचं पॅकेज चालू यादीत आहे का, आणि ते याच रुग्णालयाला लागू आहे का? उत्तर पॅकेजच्या कोडसह कागदावर घ्या. खात्री करायला १५५३८८ वर फोन करता येतो. पॅकेज असेल तर मंजुरीची फाइल रुग्णालयच ऑनलाइन पाठवतं आणि तुम्हाला पैसे भरावे लागत नाहीत. एवढ्या कामासाठी आमची फी देऊ नका. आरोग्यमित्र ते फुकट करतो, त्याची नेमणूकच त्यासाठी असते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची ईएसआय (कामगार विमा) कापली जाते. त्यांनी आधी ईएसआयच्या डॉक्टरांकडे जायचं आणि तिथून रेफरल घ्यायचं. बाहेर ऑपरेशन करून मागून बिल लावण्याचा विचार करू नका, तो मार्ग फार खडतर आहे. देवळालीकडचे माजी सैनिक ईसीएचएस या त्यांच्या आरोग्ययोजनेत येतात, केंद्राचे कर्मचारी आणि पेन्शनर सीजीएचएस या त्यांच्या योजनेत. तिथेही आधी लेखी परवानगी, मग ॲडमिशन.

चौथा प्रकार सरकारी कंपनीच्या पॉलिसीचा: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. कंपनी सरकारी असली तरी ही सरकारी योजना नाही. हप्ता भरून घेतलेली ही साधी पॉलिसी आहे आणि तिला खासगी कंपन्यांचेच नियम लागतात. आमचं बहुतेक काम याच फायलींवर चालतं.

पॉलिसीतली अट

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेची अट सगळ्या कंपन्यांसाठी एकाच शब्दांत बांधून दिली. पॉलिसीत ती "एक्सक्लुजन ०६" म्हणून सापडेल. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून हवी. वय १८ किंवा जास्त हवं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ किंवा त्याच्या पुढे असेल तरी चालतो, पण मग चारपैकी एक गंभीर आजार सोबत असावा लागतो: लठ्ठपणामुळे कमजोर झालेला हृदयाचा स्नायू, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास (स्लीप ॲप्निया) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय साधे उपाय करूनही वजन उतरलेलं नाही, हे दाखवावं लागतं.

यादी पुन्हा वाचा. गुडघेदुखी तिच्यात नाही. थायरॉइड नाही, पीसीओडी नाही, नुसतं बीपीही नाही. आमच्याकडे येणाऱ्यांचं पहिलं वाक्य मात्र "जिना चढवत नाही हो" हेच असतं. त्रास खराच असतो, पण अटीत बसत नाही.

दुसरी अडचण डॉक्टर आणि विमा यांच्या आकड्यांमधल्या फरकाची. आपल्याकडे कमी वजनालाच मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा विचार सुचवला आहे. पॉलिसी ३५ आणि ४० वरच थांबली आहे. त्यामुळे सर्जन "करून घ्या" म्हणतात आणि कंपनी "बसत नाही" म्हणते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पॉलिसीतली ही रेघ जुनी झाली आहे, असं आमचं मत. पण दावा आमच्या मतावर मंजूर होत नाही.

चपला काढून उंची मोजा

यात थट्टा नाही. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. एखाद्या बाईंची उंची १६० सेंमी आणि वजन ९१ किलो असेल तर बीएमआय ३५.५ येतो. त्याच बाईंची उंची जाड तळव्याच्या चपलांसकट १६३ लिहिली की तो ३४.३ होतो आणि फाइल तिथेच परत येते. सर्जन, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ अशा तिघांच्या कागदांवर तीन उंच्या, हे तर आम्ही नेहमीच पाहतो. एकदा नीट मोजून घ्या आणि सगळीकडे तोच आकडा लिहिला जातोय का ते बघा.

"साधे उपाय केले" हे सिद्ध करताना बहुतेक जण अडकतात. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तुम्ही दोन वर्षं नेमाने चाललात, संध्याकाळचा भात सोडलात, साबुदाण्याच्या खिचडीकडे बघितलंही नाहीत. पण याची पावती कोण देणार? म्हणून आजपासून कागद तयार करा. आहारतज्ज्ञाची तारखेसह नोंद, दर महिन्याचं वजन, फिजिशियनच्या चिठ्ठीवर "आहार, व्यायाम व औषधं घेऊनही वजन कमी नाही" असा शेरा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचे, म्हणजे एचबीए१सीचे जुने-नवे सगळे रिपोर्ट. घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप स्टडी. "घोरतो" एवढं बायकोने सांगून भागत नाही. जे नाही ते लिहून आणायला मात्र आम्हाला सांगू नका. ती फसवणूक होते आणि त्यात पॉलिसीच रद्द होऊ शकते.

जुना फॉर्म काढा

पॉलिसी घेताना फॉर्मवर वजन किती लिहिलं होतं? अनेकांचा फॉर्म एजंटने भरलेला असतो आणि ९५ किलोच्या माणसाचं वजन त्यात ७० असतं. दाव्याच्या वेळी कंपनी तो फॉर्म काढते आणि माहिती दडवली म्हणते. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली असेल तर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, या कारणावर दावा नाकारता येत नाही. तेवढी वर्षं झाली नसतील तर फॉर्म घेऊन आधी आमच्याकडे या. प्रतीक्षा काळही, म्हणजे सुरुवातीचा ज्यात दावा मिळत नाही तो काळ, बघून ठेवा. आधीपासूनच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा तो नसतो, पण एचआरकडून तसं लेखी घ्या.

ऑपरेशननंतरच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर लागतात. त्यांचा आणि तपासण्यांचा खर्च साधारणपणे खिशातूनच होतो. सैल पडलेली कातडी काढण्याची शस्त्रक्रिया सौंदर्योपचारात धरतात, तीही मिळत नाही.

नाकारलं तर

फोनवरचं "होणार नाही" हा नकार धरू नका. कलमासह लेखी पत्र मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकीलही लागत नाही.

विमाच नसेल तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल रुग्णांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनच्या आधीच काढून ठेवा.

आमच्याकडे येताना संपूर्ण पॉलिसी (फक्त कार्ड नको), जुना फॉर्म, गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट आणि सर्जनची चिठ्ठी आणा. पहिल्या वाचनाचे पैसे घेत नाही. फाइल बसत नसेल तर त्याच दिवशी सांगतो.